सूक्ष्म उपकरणांची जोडणी आणि उताऱ्याचे अर्थशास्त्र

राष्ट्रीय महामार्गावरील पथकर नाक्यातून जाणाऱ्या मोटारीच्या पुढील काचेवर फास्टॅगची पट्टी चिकटवलेली असते. फेब्रुवारी २०२१ पासून ती सक्तीची झाली आणि आता तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. ही पट्टी उजेडासमोर धरली तर आत धातूच्या पातळ पत्र्याची नक्षी दिसते. ती अँटेना होय. नक्षीच्या मधोमध मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा एक काळसर ठिपका असतो, ती चिप. धातूचा पत्रा स्वस्त असतो. एका सिलिकॉन चकतीतून हजारोंच्या संख्येने निघत असल्यामुळे चिपही स्वस्त पडते. मात्र ती चिप नेमक्या जागी, नेमक्या दिशेने ठेवून अँटेनाच्या दोन टोकांना पक्की जोडणे हे काम तितके स्वस्त नाही. मोबाइलचा कॅमेरा, ध्वनिग्राहक, श्रवणयंत्र, रक्तदाब मोजणारा संवेदक अशा सर्वच सूक्ष्म उपकरणांची हीच कथा आहे. सुटे भाग घाऊक पद्धतीने तयार होतात. जोडणी मात्र बहुधा एकेक करूनच करावी लागते. सूक्ष्म संवेदकांच्या बाबतीत जोडणी, आवरण आणि चाचणी यांवरील खर्च अनेकदा एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक भरतो.

दिल्ली आणि भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हे काम आता मोठ्या प्रमाणावर होऊ लागले आहे व त्यासाठी सरकारी तिजोरीतून भरघोस साहाय्य दिले जात आहे. 'आपल्याकडे मजुरी स्वस्त, म्हणून जोडणीचा उद्योग आपल्याकडे येईल' असा युक्तिवाद त्या संदर्भात वारंवार ऐकू येतो. हा युक्तिवाद कितपत टिकतो, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

ओखला ते जेवर

महाराष्ट्रातील वाचकांना मुंबईची सीप्झ ही निर्यात वसाहत परिचित आहे. १९७३ मध्ये ती सुरू झाली तेव्हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुळणी हेच तिचे मुख्य प्रयोजन होते. उत्तरेकडे दिल्लीतील ओखला औद्योगिक वसाहत अपुरी पडू लागल्यावर १९७६ मध्ये नवीन ओखला औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून नोएडा हे नाव रूढ झाले. तेथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९८५ मध्ये आले. दूरचित्रवाणी संच, टेलिफोन आणि पुढे मोबाइल संच अशी या परिसराची वाटचाल झाली. जुलै २०१८ मध्ये सॅमसंग कंपनीच्या नोएडातील विस्तारित कारखान्याचे उद्घाटन झाले. ४,९१५ कोटी रुपयांच्या त्या विस्तारामुळे वार्षिक क्षमता ६ कोटी ८० लाख संचांवरून १२ कोटींवर नेण्याचे उद्दिष्ट होते. त्याच कंपनीसमूहाने मोबाइलचे पडदे जुळवण्याचा सुमारे ४,८२५ कोटींचा प्रकल्प चीनमधून नोएडात आणला. पुढची पायरी जेवर विमानतळाजवळ पडत आहे. एचसीएल आणि फॉक्सकॉन यांच्या संयुक्त प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजुरी दिली. गुंतवणूक ३,७०० कोटी रुपये, महिन्याला २०,००० चकत्यांची क्षमता आणि त्यातून ३ कोटी ६० लाख चिप असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. मोबाइल व संगणकाचे पडदे चालवणाऱ्या चिप येथे तयार होणार आहेत.

या प्रवासात एक गोष्ट सहज नजरेआड होते. संच जुळवण्यापासून पडदा जुळवण्याकडे आणि तेथून चिपच्या आवरणाकडे जाताना हाताळावयाचा भाग दर टप्प्यावर लहान होत गेला. मोबाइलचे झाकण बसवणे हे माणसाच्या बोटांचे काम आहे. पडद्याच्या काचेला चिप जोडताना मात्र शेजारच्या दोन जोडबिंदूंमधील अंतर काही दशांश मायक्रॉन-शतकांत, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. आकारातील या फरकाबरोबर उद्योगाचे अर्थशास्त्रही बदलते. ते का, हे समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागेल.

राजगिऱ्याचा दाणा

उपवासाच्या दिवशी ताटलीत सांडलेला राजगिरा गोळा करताना आपण बोट ओले करून दाण्यांवर टेकवतो. दाणे लगेच चिकटतात. अडचण येते ती नंतर, कारण बोट नुसते उलटे धरून दाणा डब्यात पडत नाही. तो झटकावा किंवा काठावर घासावा लागतो. सूक्ष्म जोडणीतील मूळ अडचण नेमकी हीच आहे. वस्तूची लांबी दहा पटीने घटली की तिचे वजन हजार पटीने घटते, पृष्ठभाग शंभर पटीने घटतो, तर ओलाव्याच्या पृष्ठताणाचे बल केवळ दहा पटीने कमी होते. त्यामुळे साधारण एक मिलिमीटरच्या खाली गेल्यावर गुरुत्वाकर्षण दुय्यम ठरते. पृष्ठताण, स्थितिक विद्युत आणि रेणूंमधील आकर्षण यांचा अंमल सुरू होतो. प्रत्येक बाजू ०.४ मिलिमीटर असलेल्या सिलिकॉनच्या तुकड्याचे वजन जेमतेम ०.१५ मिलिग्रॅम भरते. असा तुकडा चिमट्याने उचलता येतो, पण चिमटा उघडला तरी तो पडत नाही. पडलाच तर कोणत्या बाजूवर पडेल, हे सांगता येत नाही.

कारखान्यातील यंत्रे हे काम पोकळ सुईच्या टोकाशी निर्वात निर्माण करून करतात. तुकडा ओढून घ्यावयाचा, कॅमेऱ्याने त्याची दिशा तपासावयाची, जागेवर नेऊन टेकवावयाचा आणि तेथील चिकट द्रव्याने किंवा डाखाने तो धरून ठेवला की सुई वर घ्यावयाची. मोबाइलच्या फलकावर विद्युतधारकांसारखे जे शेकडो भाग असतात, त्यांपैकी सर्वांत लहान भागांची लांबी ०.४ व रुंदी ०.२ मिलिमीटर असते. चांगले यंत्र ताशी हजारोंच्या संख्येने असे भाग बसवते. येथे निसर्गाचे थोडे साहाय्यही लाभते. भाग किंचित तिरका बसला तरी भट्टीत डाख वितळल्यावर त्याचाच पृष्ठताण भागाला ओढून सरळ करतो. जो पृष्ठताण उचलताना वैरी असतो, तोच बसवताना सोबती होतो.

हे साहाय्य सर्वत्र मिळत नाही. कॅमेऱ्यात भिंग आणि प्रकाशग्राही चिप यांचा मेळ घालताना प्रतिमा प्रत्यक्ष पाहत भिंग सूक्ष्म अंतराने हलवून योग्य जागी घट्ट करावे लागते. चिपपासून बाहेरच्या पायांपर्यंत सोन्याची किंवा तांब्याची सुमारे २५ मायक्रॉन जाडीची तार नेऊन ती उष्णता, दाब व श्राव्यातीत कंपने यांच्या योगे जोडावी लागते. मानवी केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरल्यास ही तार केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी बारीक असते. अशी तार डोळ्याला सूक्ष्मदर्शक लावून हाताने जोडता येते. एके काळी सर्व जगात ती तशीच जोडली जात असे.

हाताच्या जोडणीचा इतिहास

१९६० च्या दशकात अमेरिकेतील अर्धवाहक कंपन्यांनी हे काम मजुरी स्वस्त असलेल्या ठिकाणी नेण्यास सुरुवात केली. फेअरचाइल्ड कंपनीने प्रथम हाँगकाँग निवडले. १९६५ मध्ये तिने अमेरिकेतच न्यू मेक्सिकोमधील शिपरॉक येथे नावाहो आदिवासी स्त्रियांना घेऊन कारखाना उघडला. तो १९७५ मध्ये बंद पडला. १९७२ मध्ये इंटेल कंपनी मलेशियातील पेनांगला गेली आणि पाठोपाठ इतर कंपन्याही पोहोचल्या. त्या काळातील छायाचित्रांत सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या तरुणींच्या लांबच लांब रांगा दिसतात. आपल्याकडेही दिल्लीत १९६० च्या दशकात अर्धवाहक घटकांची निर्मिती सुरू झाली होती, पण तिचे प्रमाण मर्यादित राहिले.

पुढे तारजोडणीची स्वयंचलित यंत्रे आली. मजुरीचा वाटा घटल्यामुळे हे कारखाने अमेरिकेत परत येतील, असा त्या वेळी अनेकांचा कयास होता. तसे फारसे घडले नाही. यंत्रे पेनांगमध्येच बसली, कारण ती लावणारे, दुरुस्त करणारे आणि बिघाडाचे कारण ओळखणारे लोक तोवर तेथे तयार झाले होते. १९८९ मध्ये तेथे उद्योग, शासन आणि शिक्षणसंस्था यांनी मिळून कौशल्य विकास केंद्र काढले. स्वस्त मजुरीमुळे उद्योग आला हे खरे; पण मजुरी स्वस्त राहिली नाही तेव्हाही तो टिकला, तो या लोकांमुळे. नोएडाचा विचार करताना मला हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या चर्चेत मात्र पहिलाच भाग ऐकू येतो.

उताऱ्याचा हिशेब

साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या वाचकाला 'उतारा' हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शंभर किलो उसातून किती साखर निघाली यावर कारखान्याचे आणि सभासदांचे भवितव्य ठरते. सूक्ष्म जोडणीतही असाच उतारा असतो: शंभर नगांपैकी किती नग चाचणीत उत्तीर्ण झाले, ते प्रमाण. या उताऱ्याचे गणित विलक्षण कठोर असते. एका फलकावर १,००० भाग बसवावयाचे आहेत व प्रत्येक भाग बरोबर बसण्याची शक्यता ९९.९९ टक्के आहे, असे समजू. दहा हजारांत एक चूक म्हणजे उत्तमच काम म्हणावयाचे. तरीही निर्दोष फलकांचे प्रमाण सुमारे ९० टक्केच भरते. हेच प्रमाण ९९.९ टक्क्यांवर आले, तर शंभरांत जेमतेम ३७ फलक निर्दोष निघतील.

आता मजुरी आणि यंत्र यांची तुलना करू. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट कारखान्याचे नसून हिशेबाची रीत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत. चिप बसवणाऱ्या यंत्राची किंमत दीड कोटी रुपये, आयुष्य ७ वर्षे आणि व्याजाचा दर १० टक्के धरल्यास भांडवलाचा वार्षिक बोजा सुमारे ३० लाख ८० हजार रुपये येतो. वीज, देखभाल आणि तंत्रज्ञाचा वाटा मिळून ९ लाख २० हजार धरले, तर वर्षाचा एकूण खर्च ४० लाख होतो. यंत्र ताशी ५,००० नग बसवत असेल आणि वर्षात ६,००० तास चालले, तर ३ कोटी नग होतात व नगामागे खर्च १३ पैसे पडतो. ते एकाच पाळीत २,००० तास चालले, तर हाच खर्च ४० पैसे होतो.

हाताने काम करणाऱ्या कामगारावरील एकूण खर्च महिन्याला २५,००० रुपये धरू. (दिल्लीत १ एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा १८,४५६ रुपये ठरले होते; भविष्यनिर्वाह निधी, विमा व इतर खर्च मिळवले तर हा आकडा अवास्तव नाही.) ताशी २०० नग आणि वर्षाचे २,४०० तास या हिशेबाने ४ लाख ८० हजार नग होतात व नगामागे मजुरी साडेबासष्ट पैसे पडते. येथपर्यंत यंत्र आणि हात यांत फार मोठी दरी नाही. एका पाळीत चालणाऱ्या यंत्राशी हात थोडीफार बरोबरी करू शकतो.

निर्णायक ठरतो तो उतारा. चिप आणि तिचा आधारफलक मिळून ५० रुपयांचा माल आहे, हाताच्या कामात २ टक्के नग वाया जातात आणि यंत्राच्या कामात ०.१ टक्का, असे धरू. मग हाताच्या कामात नगामागे एक रुपया बुडतो, तर यंत्राच्या कामात पाच पैसे. वाया जाणारा माल मजुरीपेक्षा महाग पडतो. हाताचा एकूण खर्च १ रुपया साडेबासष्ट पैसे; यंत्राचा तीन पाळ्यांत १८ पैसे, एका पाळीत ४५ पैसे. वर्षाला सुमारे २५ लाख नगांपुढे यंत्रच परवडते. समजा, कामगाराने फुकट काम केले, तरी ही सीमा ४२ लाखांपर्यंतच सरकते आणि त्यापुढे पुन्हा यंत्र स्वस्त ठरते. माल जितका महाग, तितकी ही सीमा अलीकडे येते. हजारो रुपयांच्या पडद्याला चिप जोडताना हाताचा प्रश्नच उद्भवत नाही.

आणखी एका दिशेने ही गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन सूक्ष्म प्रकाशदीप बसवून दूरचित्रवाणीचा पडदा करण्याचे प्रयत्न जगात चालू आहेत. ३,८४० गुणिले २,१६० ठिपक्यांच्या पडद्याला सुमारे २ कोटी ४९ लाख दीप लागतात. यंत्राने सेकंदाला दहा या वेगाने एकेक दीप बसवला, तर एका पडद्याला जवळजवळ २९ दिवस लागतील. म्हणूनच रबरी शिक्क्यासारख्या साधनाने हजारो दीप एकाच वेळी उचलून ठेवण्याच्या पद्धती विकसित होत आहेत. त्यातही दहा हजारांत एक चूक झाली, तर पडद्यावर सुमारे २,५०० ठिपके सदोष राहतील व ते शोधून दुरुस्त करावे लागतील. द्रवात सोडलेले तुकडे त्यांच्या आकाराच्या खाचांत आपोआप जाऊन बसावेत, असे तंत्र अमेरिकेत १९९० च्या दशकात फास्टॅगसारख्या पट्ट्यांसाठी पुढे आले होते. कल्पना मोहक आहे. तरीही जगातील बहुतांश जोडणी आजही सुईने एकेक तुकडा उचलूनच होते, कारण ती यंत्रे दरवर्षी अधिक वेगवान होत गेली.

सारांश असा की, मजुरीचा दर हा येथे निर्णायक घटक उरत नाही. यंत्र वर्षात किती तास चालते, उतारा किती पडतो आणि भांडवल कोणत्या व्याजाने मिळते, या तीन गोष्टी खर्च ठरवतात. वरील उदाहरणात व्याज १० ऐवजी ३ टक्के धरले, तर भांडवलाचा वार्षिक बोजा ३० लाख ८० हजारांवरून सुमारे २४ लाखांवर येतो. पूर्व आशियातील उद्योगांना दीर्घकाळ लाभलेली सवलत बऱ्याच अंशी याच स्वरूपाची होती. जेवर प्रकल्पाचे जाहीर आकडे घेऊन पाहिल्यास वर्षाच्या ४३ कोटी २० लाख चिपच्या क्षमतेमागे प्रतिचिप सुमारे ८६ रुपये भांडवल गुंतते. दहा वर्षांत ते वसूल करावयाचे म्हटले, तर व्याज सोडूनही प्रत्येक चिपवर साडेआठ रुपयांच्या आसपास बोजा पडतो. कारखाना निम्म्या क्षमतेने चालला, तर तोच १७ रुपये होतो. गाळप हंगाम अर्ध्यावर थांबलेल्या साखर कारखान्याचे ताळेबंद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगणे नको.

दिल्लीची हवा

या तीन घटकांवर स्थानिक परिस्थितीचा परिणाम होतो आणि येथे राजधानी क्षेत्राची बाजू काहीशी कमकुवत आहे. हिवाळ्यातील दिल्लीच्या हवेची चर्चा आरोग्याच्या अंगाने होते व ते योग्यच आहे. परंतु ज्या २.५ मायक्रॉनच्या कणांविषयी आपण वृत्तपत्रांत वाचतो, ते २५ मायक्रॉन जाडीच्या तारेच्या जोडाखाली सापडले तर जोड कच्चा राहतो. उन्हाळ्यात राजस्थानकडून येणारी धूळ असतेच. म्हणून स्वच्छ कक्षातील हवा सतत गाळावी लागते आणि बाहेरची हवा जितकी मलिन, तितक्या लवकर गाळण्या बदलाव्या लागतात. एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या हवेत स्थितिक विद्युत वाढते. तिच्यामुळे सूक्ष्म तुकडे भलतीकडे चिकटतात, प्रसंगी चिप जळतेही. त्यासाठी हवेतील आर्द्रता कृत्रिमरीत्या राखावी लागते. पेनांगच्या दमट हवेत आर्द्रता काढण्याचा खर्च असतो. दिल्लीत वर्षातील काही महिने ती घालण्याचा आणि पावसाळ्यात काढण्याचा, असा दुहेरी खर्च येतो.

विजेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. काही वर्षांपूर्वी नोएडातील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी फलकजोडणीचे काम पाहत होतो. दिवे क्षणभर मंद झाले, इतकेच. कार्यालयातील संगणकही बंद पडले नाहीत. पण भट्टीचा पट्टा थांबला आणि आत असलेले सर्व फलक बाजूला काढावे लागले. व्यवस्थापकांनी शांतपणे ती संख्या वहीत लिहून घेतली. त्या वहीत अशा नोंदींची पाने होती. एरवी अशा वेळी डिझेल जनित्र सुरू होते. राजधानी क्षेत्रात वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या आदेशान्वये १ ऑक्टोबर २०२३ पासून डिझेल जनित्रांवर कडक अटी लागू झाल्या. वायूवर चालणारी किंवा प्रदूषणरोधक साधने बसवलेली जनित्रे वापरणे भाग पडले. हा निर्णय नागरिकांच्या हिताचा आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र त्याची किंमत उद्योगाच्या हिशेबात धरली पाहिजे. जोडणी उद्योगाला विजेच्या दरातील सवलतीपेक्षा क्षणभरही न डगमगणारा वीजपुरवठा अधिक मोलाचा आहे. राज्ये देऊ करतात ती बहुधा दरातील सवलत.

रोजगार आणि अनुदान

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. नोएडा, ग्रेटर नोएडा, भिवाडी या पट्ट्यात सकाळच्या पाळीला कारखान्यांच्या बस उतरतात, तेव्हा त्यांतून बुलंदशहर, अलीगढ, अलवर आणि त्याही पलीकडे बिहारमधून आलेली विशी-बाविशीतील मुले-मुली बाहेर पडतात. बारावी किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेपर्यंत शिकलेल्या या पिढीसाठी मोबाइल उद्योगाने काम निर्माण केले, हे निर्विवाद आहे. देशातील मोबाइल उत्पादन २०१४-१५ मधील १८,००० कोटी रुपयांवरून २०२४-२५ मध्ये ५ लाख ४५ हजार कोटींवर गेल्याचे सरकारी आकडे सांगतात. परंतु हे काम प्रामुख्याने संच जुळवण्याचे, तपासण्याचे व खोक्यात भरण्याचे आहे, म्हणजे बोटांनी हाताळता येणाऱ्या भागांचे. देशांतर्गत मूल्यवृद्धी वाढवावयाची तर त्याहून लहान भागांकडे वळणे भाग आहे आणि तेथे माणसे कमी लागतात.

किती कमी, याचा अंदाज सरकारी उद्दिष्टांवरूनच येतो. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या इलेक्ट्रॉनिक सुटे भाग योजनेत २२,९१९ कोटींच्या तरतुदीतून ५९,३५० कोटींची गुंतवणूक आणि ९१,६०० थेट रोजगार अपेक्षित होते. म्हणजे एका रोजगारामागे सुमारे ६५ लाख रुपयांची गुंतवणूक व २५ लाखांचे शासकीय साहाय्य. गुजरातमधील साणंद येथील मायक्रॉनचा प्रकल्प २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यात २२,५१६ कोटींच्या गुंतवणुकीतून ५,००० थेट रोजगार अपेक्षित होते. एका रोजगारामागे साडेचार कोटी. त्यातील निम्मा भांडवली भार केंद्राने उचलावयाचा आहे, राज्याचा हिस्सा वेगळा.

यावरून अशा प्रकल्पांना साहाय्य देऊच नये, असा निष्कर्ष मी काढत नाही. अमर्त्य सेन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तंत्रनिवडीवरील ग्रंथात आज मिळणारा रोजगार आणि उद्या पुन्हा गुंतवता येणारे आधिक्य यांतील पेच मांडला होता. तोच पेच येथे आहे. फरक असा की, सूक्ष्म जोडणीत श्रमप्रधान तंत्राचा पर्याय बऱ्याच अंशी उपलब्धच नाही. तेव्हा अशा प्रकल्पांना रोजगारनिर्मितीची योजना म्हणू नये. तंत्रक्षमता विकत घेण्याची योजना म्हणावे आणि मग ती क्षमता खरोखर पदरात पडते का, हे तपासावे. माझा आक्षेप अनुदानाच्या रचनेला आहे. यंत्राच्या किमतीच्या निम्मी रक्कम दिली की यंत्र स्वस्त होते. वरील उदाहरणात हाताकडून यंत्राकडे जाण्याची सीमा २५ लाखांवरून सुमारे साडेपंधरा लाख नगांवर येते. यंत्र दिवसाला किती तास चालले आणि त्याचा उतारा किती पडला, याच्याशी मात्र या रकमेचा संबंध नसतो. साहाय्याचा काही भाग प्रत्यक्ष उत्तीर्ण नगांशी आणि स्थानिक तंत्रज्ञांच्या संख्येशी जोडला, तर त्याच पैशात अधिक साधेल.

तंत्रज्ञांविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. चिपची रचना करणारे ८५,००० अभियंते घडवण्याचा केंद्राचा कार्यक्रम चालू आहे व तो स्तुत्य आहे. पण तारजोडणीचे यंत्र रात्री तीन वाजता अडले, तर रचनाकार अभियंता उपयोगाचा नाही. सुईचे टोक झिजले आहे, तारेचे रीळ ओलसर आहे की कंपनांची तीव्रता घसरली आहे, हे आवाजावरून व जोडाच्या आकारावरून ओळखणारा माणूस लागतो. असा माणूस पदविकेनंतर तीन-चार वर्षे यंत्रापाशी उभा राहूनच तयार होतो. कंत्राटी पद्धतीने अकरा-अकरा महिन्यांवर ठेवलेल्या मुलाकडून ही अपेक्षा करता येत नाही. छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमने साचे व हत्यारे बनवणाऱ्या कुशल कारागिरांच्या पिढ्या घडवल्या आणि तेथील वाहन उद्योगाला त्याचा लाभ झाला. सूक्ष्म जोडणीसाठी त्याच धर्तीची संस्था यमुना द्रुतगती मार्गाच्या पट्ट्यात असणे हे कारखान्याच्या इमारतीइतकेच निकडीचे आहे.

शेवटी, लहान उत्पादकांचा प्रश्न. श्रवणयंत्रे, वैद्यकीय संवेदक, वीजमापकांतील विशेष चिप अशा वस्तू करणाऱ्या उद्योजकाला वर्षाला दोन-तीन लाख नगच हवे असतात. त्याला २५ लाखांची सीमा गाठणे अशक्य आहे आणि साडेपंधरा लाखांचीही. तो हाताने जोडणी करून उतारा गमावतो किंवा माल परदेशी पाठवून तीन महिने वाट पाहतो. आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००८ पासून आपल्या सूक्ष्मइलेक्ट्रॉनिकीच्या प्रयोगशाळा देशभरच्या संशोधकांना वापरण्यास खुल्या केल्या. त्याच तत्त्वावर उत्पादनासाठी सामायिक जोडणी केंद्र काढता येईल. प्रत्येकी तीन लाख नगांची गरज असलेले दहा उद्योजक एकत्र आले, तर ३० लाख नग होतात व एक यंत्र अनुदानाशिवायही परवडते. अडचण आहे ती एका उत्पादनावरून दुसऱ्याकडे यंत्र वळवताना जाणाऱ्या वेळेची. ३० लाख नगांना ताशी ५,००० या वेगाने ६०० तास लागतात. वर्षाचे ६,००० तास धरले, तर जुळवणी, चाचणी आणि चुका सुधारण्यासाठी ५,४०० तास हाताशी उरतात. दहा उत्पादकांमध्ये ते वाटून देण्यास पुरेसे आहेत.